सी आणि इंटरप्रिटर यांच्या सीमेवर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात आम्ही दोन कामांतील फरक मांडला होता. सी भाषेत लिहिलेल्या आपल्या प्रोग्रामच्या आत पायथॉन किंवा लुआ यांसारख्या भाषेचा इंटरप्रिटर (त्या भाषेतील कोड वाचून चालवणारा प्रोग्राम) बसवणे हे एक काम. आणि त्या भाषेतून बोलावता येईल असे फंक्शन सीमध्ये लिहून भाषेच्या क्षमतेत भर घालणे हे दुसरे काम. पहिल्यात सूत्रे आपल्या प्रोग्रामच्या हाती असतात आणि इंटरप्रिटर सांगितले तेव्हाच चालतो. दुसऱ्यात इंटरप्रिटर मुख्य असतो आणि आपला कोड त्याच्या बोलावण्याची वाट पाहतो. त्यावर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. प्रश्न वरवर वेगळे असले तरी बहुतेकांचे मूळ एकाच जागी आहे: सीमा ओलांडून जी वस्तू इकडून तिकडे जाते, ती किती वेळ जिवंत राहील आणि शेवटी ती मोकळी कोणी करायची, हे ठरवल्याशिवाय कोड लिहिला गेला आहे. इंटरप्रिटरच्या आत असताना ही काळजी भाषा घेते, सीमेवर ती आपल्याला घ्यावी लागते.

प्रश्न : अंधेरी पूर्वेला आमचा छोटा कारखाना असून रबर व प्लॅस्टिकच्या नमुन्यांची ताणशक्ती मोजणारी यंत्रे आम्ही बनवतो. यंत्राचे सॉफ्टवेअर सीमध्ये आहे. निकालाचे सूत्र प्रत्येक ग्राहकाला थोडे वेगळे हवे असते आणि दर वेळी आम्हाला नवा प्रोग्राम बांधून द्यावा लागतो. सूत्रे ग्राहकालाच लिहू द्यायची असतील तर पायथॉन बसवावा की लुआ? ग्राहकाच्या चुकीमुळे यंत्र अडकू नये यासाठी काय करावे? (एक उद्योजक, अंधेरी)

उत्तर : आपल्या कामाला लुआ योग्य आहे, आणि हे आम्ही कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. लुआ ही भाषा 1993 मध्ये रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो इयेरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी तयार केली, आणि दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये लायब्ररी म्हणून राहणे हे तिचे पहिल्यापासूनचे उद्दिष्ट आहे. संपूर्ण इंटरप्रिटर काही शे किलोबाइटांत मावतो, प्रमाण सी लायब्ररीखेरीज त्याला काही लागत नाही, आणि त्याची सारी अवस्था एकाच लुआ_स्टेट या पॉइंटरमागे (मेमरीतील पत्त्यामागे) असते, त्यामुळे एका प्रोग्राममध्ये एकमेकांशी संबंध नसलेले अनेक इंटरप्रिटर चालवता येतात. पायथॉन बसवणेही शक्य आहे, परंतु त्याच्यासोबत प्रमाण लायब्ररीची मोठी निर्देशिका पाठवावी लागते आणि सुरू होताना ती कुठे आहे हे त्याला अचूक सांगावे लागते. आपल्या ग्राहकांना नमपायसारख्या (आकड्यांच्या गणितासाठीच्या) तयार लायब्ररी हव्या असत्या तर तो खटाटोप सार्थ ठरला असता. दोन-चार ओळींच्या सूत्रांसाठी तो नको.

लुआ आणि सी यांच्यातील सर्व देवाणघेवाण एका स्टॅकवरून, म्हणजे एकावर एक रचलेल्या मूल्यांच्या चळतीवरून, होते. ग्राहकाने लिहिलेले फंक्शन स्टॅकवर ठेवायचे, त्याच्यावर भार आणि क्षेत्रफळ हे दोन आकडे ठेवायचे, दोन आकडे देऊन एक उत्तर हवे असे सांगत लुआ_पीकॉल बोलवायचे, उत्तर वरच्या टोकावरून म्हणजे उणे 1 या स्थानावरून वाचायचे आणि नंतर ते काढून टाकायचे. ही रचना पहिल्यांदा द्राविडी प्राणायामासारखी वाटते, पण तिच्यामागे नेमके कारण आहे. लुआ आपल्या टेबलाचा (माहिती साठवण्याच्या रचनेचा) पॉइंटर सीच्या हाती कधीच देत नाही, त्यामुळे कचरा उचलताना, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करताना, सीकडे काय शिल्लक आहे याचा तिला अंदाज बांधावा लागत नाही. स्टॅकवर आहे ते जिवंत, एवढा एकच नियम पुरतो. या नियमाची दुसरी बाजू आपल्याला पाळावी लागेल. मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीनंतर लुआ_गेटटॉप (स्टॅकवरील मूल्यांचा आकडा) पूर्वीइतकाच आहे की नाही हे तपासत जा, कारण प्रत्येक फेरीत एकजरी मूल्य वर राहिले तर दिवसभर चालणाऱ्या यंत्रात स्टॅक फुगत जातो. सीमध्ये लिहिलेले फंक्शन लुआने बोलावले असता त्याला किमान 20 मोकळ्या जागांची हमी असते. त्याहून अधिक लागणार असतील तर लुआ_चेकस्टॅक आधी बोलवावे.

आता सुरक्षेचा भाग, जो आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्राहकाचा कोड नेहमी चूक झेलून घेणाऱ्या लुआ_पीकॉलमधूनच चालवा. साध्या लुआ_कॉलमध्ये चूक झाली आणि ती झेलणारे वर कोणी नसले, तर लुआ शेवटी अबॉर्ट करते आणि आपला संपूर्ण प्रोग्राम बंद पडतो. नमुन्यावर भार चढलेला असताना असे होणे परवडणारे नाही. सर्व लायब्ररी एकदम उघडणारे लुआएल_ओपनलिब्ज वापरू नका. गणित, स्ट्रिंग (मजकूर) आणि टेबल या तीनच लायब्ररी आणि मूळ लायब्ररी एवढेच उघडा, आणि मूळ लायब्ररीतूनही डूफाइल, लोडफाइल व लोड ही नावे काढून टाका. ग्राहकाची फाइल वाचताना केवळ मजकूर स्वीकारा, आधीच कंपाइल केलेला बाइटकोड नको, कारण मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड इंटरप्रिटरलाच पाडू शकतो आणि लुआ त्याची तपासणी करत नाही.

न संपणाऱ्या लूपवर उपाय म्हणजे लुआ_सेटहूक. दर काही हजार सूचनांनंतर आपले सी फंक्शन बोलावले जाईल असे ठरवता येते, तिथे घड्याळ पाहून मर्यादा ओलांडली असल्यास चूक उभी करायची. मात्र हा हूक लुआच्या सूचना मोजतो. स्ट्रिंगमध्ये गुंतागुंतीचा नमुना शोधणे यासारखे काम आतल्या सी फंक्शनमध्ये चालू असते तेव्हा तो बोलावला जात नाही. आकड्यांची सूत्रे लिहिणाऱ्याला स्ट्रिंग लायब्ररी लागतच नसेल, तर तीही देऊ नका. मेमरीवर मर्यादा घालण्यासाठी लुआ_न्यूस्टेटला स्वतःचे मेमरी देणारे फंक्शन द्यावे, ते ठरावीक मर्यादेनंतर नल (रिकामा पॉइंटर) परत करील आणि लुआ ती चूक पीकॉलपर्यंत नीट पोचवील.

एवढे सगळे केल्यावरही भार थांबवण्याचा निर्णय लुआवर सोपवू नये असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मोटर बंद करणारा मार्ग शुद्ध सीमध्ये, आणि जमल्यास प्रत्यक्ष स्विचमध्ये, स्वतंत्र असावा. लुआने निकाल काढावा, यंत्र मात्र तिच्याविनाही सुरक्षित थांबले पाहिजे.

आणखी एक गोष्ट पत्रात विचारलेली नाही, तरी सांगितली पाहिजे. आपण लुआसाठी सीमध्ये फंक्शने लिहाल तेव्हा लक्षात ठेवा की लुआतील चूक ही प्रमाण बांधणीत लाँगजंपने, म्हणजे मधली फंक्शने ओलांडून थेट उडी मारत, वर जाते, म्हणजे आपल्या फंक्शनच्या उरलेल्या ओळी कधीच चालत नाहीत. फाइल उघडली, मग लुआएल_चेकनंबरने दुसरा आकडा मागितला आणि तिथे स्ट्रिंग निघाली, तर ती फाइल उघडीच राहते. म्हणून सर्व आकडे आधी तपासून घ्यावेत आणि मगच काही उघडावे अथवा मेमरी मागावी. जे दीर्घकाळ धरायचे आहे ते युजरडेटामध्ये (सीची माहिती धरणाऱ्या लुआच्या वस्तूत) ठेवून त्याला जीसी मेटामेथड (कचरा उचलताना चालणारे फंक्शन) द्यावी, म्हणजे चूक झाली तरी कचरा उचलताना ते बंद होईल. सी प्लस प्लस वापरत असाल तर हा धोका अधिक आहे, कारण लाँगजंप डिस्ट्रक्टर (वस्तू आवरणारी फंक्शने) ओलांडून जातो. अशा वेळी लुआच सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करावी, म्हणजे ती लाँगजंपऐवजी एक्सेप्शन वापरते.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. सांताक्रुझ व कुलाबा येथील पावसाच्या नोंदींची फाइल वाचून आकड्यांची यादी परत करणारे पायथॉनचे एक्स्टेन्शन (भाषेत भर घालणारे मॉड्यूल) मी सीमध्ये लिहिले. आकडे बरोबर येतात. 26 जुलै 2005 चा सांताक्रुझचा 944 मिलिमीटरचा आकडाही नीट दिसतो. पण फंक्शन पुनःपुन्हा बोलावले की मेमरी वाढतच जाते आणि यादी डिलीट केली तरी खाली येत नाही. कोड सोबत जोडला आहे. (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : दोष एकाच ओळीत आहे. आपण पायफ्लोट_फ्रॉमडबलचे उत्तर थेट पायलिस्ट_अपेंडला दिले आहे. पायफ्लोट_फ्रॉमडबल नवी वस्तू तयार करून तिचा एक रेफरन्स आपल्या हाती देते. त्या क्षणी तिचा रेफरन्स काउंट (तिला धरून असलेल्यांची संख्या; ती शून्य झाली की वस्तू मोकळी होते) 1 असतो आणि तो 1 आपला असतो. पायलिस्ट_अपेंड ती वस्तू यादीत घालताना स्वतःसाठी आणखी एक रेफरन्स घेते, म्हणजे काउंट 2 होतो. यादी नष्ट झाली की यादीचा रेफरन्स सुटतो, काउंट 1 वर येतो आणि तिथेच थांबतो, कारण उरलेला रेफरन्स आपला आहे आणि तो सोडण्यासाठी लागणारा पॉइंटर आपण कुठेच ठेवलेला नाही. 64 बिट यंत्रावर पायथॉनचा एक फ्लोट 24 बाइट घेतो; 10 लाख नोंदींची फाइल असेल तर प्रत्येक बोलावण्यामागे सुमारे 24 मेगाबाइट कायमचे अडकतात.

दुरुस्ती अशी: आकडा एका चलात घ्या, तो नल नाही हे पाहा, यादीत घाला, आणि यादीत घालणे यशस्वी होवो अथवा न होवो, त्यानंतर आपला रेफरन्स सोडणारे पाय_डेकरेफ बोलवा. दुसरा मार्ग म्हणजे नोंदी किती आहेत हे आधी मोजून पायलिस्ट_न्यूने तेवढ्या लांबीची यादी करावी आणि पायलिस्ट_सेटआयटमने जागा भरत जावे. हे फंक्शन अपेंडच्या नेमके उलट वागते: ते आपला रेफरन्स स्वतःकडे घेऊन टाकते, त्यामुळे त्यानंतर डेकरेफ करायचा नाही, केला तर यादीतील वस्तू अकाली मरेल. या मार्गात यादी पूर्ण भरेपर्यंत तिच्यात नल असतात, म्हणून तोवर ती पायथॉनच्या कोणत्याही कोडच्या हाती पडू देऊ नये.

एकाच यादीत मूल्य घालणारी दोन फंक्शने अशी वेगळी का वागतात, असा प्रश्न आपल्याला पडेल आणि तो योग्य आहे. सेटआयटमचा मुख्य उपयोग नव्याने तयार झालेल्या वस्तू नव्या यादीत मांडण्यासाठी होईल असे धरून ते सोयीचे केले गेले, आणि पुढे हजारो एक्स्टेन्शने त्यावर उभी राहिल्याने ते बदलता आले नाही. डिक्शनरीचे पायडिक्ट_सेटआयटम मात्र रेफरन्स घेऊन टाकत नाही. पायमॉड्यूल_अ‍ॅडऑब्जेक्ट तर काम यशस्वी झाले तरच घेते, फसले तर आपल्याकडेच ठेवते. त्या अडचणीपायी 3.10 आवृत्तीत रेफरन्स कधीच न घेणारे वेगळे फंक्शन आणले गेले. यात अंदाजाला जागा नाही. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात प्रत्येक फंक्शनपुढे ते नवा रेफरन्स देते, उसना देते की आपला घेते हे लिहिलेले असते, आणि कोडच्या प्रत्येक ओळीशी ते ताडून पाहणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे.

उसन्या रेफरन्सबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण गळतीपेक्षा तो धोका मोठा आहे. गळतीने मेमरी वाढते, उसन्या रेफरन्सने प्रोग्राम कोसळतो, आणि तोही भलत्याच ठिकाणी. पायलिस्ट_गेटआयटमने आपण यादीतील पहिली वस्तू घेतली. ती यादीची आहे, आपला तिच्यावर हक्क नाही. मग त्याच यादीच्या दुसऱ्या जागी आपण नवे मूल्य ठेवले. तिथली जुनी वस्तू नष्ट होताना तिची डेल मेथड चालते, त्या मेथडमध्ये पायथॉनचा कोणताही कोड असू शकतो, आणि त्या कोडने पहिली वस्तू यादीतून काढली तर आपल्या हातातला पॉइंटर मेलेल्या वस्तूकडे बोट दाखवत राहतो. म्हणून उसनी वस्तू दोन ओळींपेक्षा अधिक काळ वापरायची असेल तर घेतल्याबरोबर पाय_इंकरेफ करून स्वतःचा रेफरन्स घ्यावा आणि काम झाल्यावर तो सोडावा. 3.13 आवृत्तीपासून पायलिस्ट_गेटआयटमरेफ हे स्वतःचा रेफरन्स देणारे फंक्शन उपलब्ध आहे. नव्या कोडमध्ये तेच वापरणे हिताचे.

नन (पायथॉनमधील ‘काहीच नाही’ हे मूल्य) या वस्तूबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. 3.12 पासून नन, ट्रू, फॉल्स आणि लहान पूर्णांक यांचे रेफरन्स काउंट बदलत नाहीत. त्यामुळे नन परत करताना इंकरेफ विसरलेला कोड नव्या आवृत्तीत बिनतक्रार चालतो आणि जुन्या आवृत्तीत मात्र कालांतराने कोसळतो. पाय_रिटर्न_नन हा मॅक्रो वापरला तर हा प्रश्नच येत नाही.

गळती शोधण्यासाठी ट्रेसमॅलॉक हे पायथॉनचे मेमरी मोजणारे मॉड्यूल मर्यादित उपयोगाचे आहे, कारण आपण साध्या मॅलॉकने घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. पायथॉनची डीबग बांधणी मिळवून सिस्.गेटटोटलरेफकाउंट हा आकडा फंक्शन बोलावण्याआधी व नंतर पाहा. प्रत्येक फेरीला तो नोंदींच्या संख्येएवढा वाढत असेल तर वरचे निदान पक्के झाले. अकाली मोकळ्या झालेल्या मेमरीसाठी पायथॉनमॅलॉक हे पर्यावरण-चल (प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी प्रणालीत ठेवायचे चल) डीबग या मूल्यावर ठेवून प्रोग्राम चालवावा आणि शक्य तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने (मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या साधनाने) बांधावा.

शेवटी आमचे मत असे की पावसाच्या आकड्यांसाठी फ्लोटची यादी मुळात करूच नये. प्रत्येक आकड्यासाठी एक वस्तू बनवून सीमा लाखो वेळा ओलांडण्यापेक्षा बफर प्रोटोकॉलने मेमरीचा एकच सलग पट्टा द्यावा, जिथे एका आकड्याला केवळ 8 बाइट लागतात आणि नमपाय तो कॉपी न करता वाचू शकते. तिथेही हिशेब आहेच: पायऑब्जेक्ट_गेटबफरने घेतलेला पट्टा पायबफर_रिलीजने परत करावा लागतो. तरीही 10 लाख हिशेबांऐवजी एक हिशेब सांभाळणे कधीही सोपे.

प्रश्न : गोरेगावच्या एका व्हीएफएक्स (चित्रपटांतील दृश्य परिणामांच्या) स्टुडिओत मी टूल्स लिहितो. एका सॉफ्टवेअरमध्ये चालणारे आमचे सी एक्स्टेन्शन दुसऱ्यात इम्पोर्टच होत नाही, आणि दर वर्षी नव्या आवृत्तीसाठी सगळे पुन्हा कंपाइल करावे लागते. यातून सुटका आहे का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : माया, हूडिनी, न्यूक, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर आपापला पायथॉन सोबत घेऊन येतात, आणि पायथॉनच्या 3.9 साठी बांधलेले साधे एक्स्टेन्शन 3.11 मध्ये चालण्याची हमी नसते, कारण वस्तूंची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते आणि हेडरमधील (घोषणांच्या फाइलमधील) मॅक्रो ती रचना थेट आपल्या कोडमध्ये भरून टाकतात. आपल्या व्यवसायात व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म ही सामाईक यादी दर वर्षासाठी एक आवृत्ती ठरवून देते. 2020 च्या यादीत पायथॉन 2.7 सोडून 3.7 आली, 2022 साठी 3.9, 2023 साठी 3.10 आणि 2024 साठी 3.11 ठरली. त्यामुळे गोंधळ कमी झाला, पण पुन्हा बांधण्याचे काम संपले नाही.

ते संपवण्याचा मार्ग म्हणजे लिमिटेड एपीआय (पायथॉनच्या फंक्शनांचा मर्यादित, स्थिर संच), जो 2011 मध्ये पायथॉन 3.2 बरोबर आला. पायथॉन.एच या हेडरच्या आधी पाय_लिमिटेड_एपीआय या मॅक्रोला आपल्याला चालणारी सर्वांत जुनी आवृत्ती द्यायची. मग कंपायलर केवळ स्थिर ठेवल्या जाणाऱ्या फंक्शनांनाच परवानगी देतो आणि तयार झालेले एकच एक्स्टेन्शन त्या आवृत्तीपासून पुढच्या साऱ्या पायथॉन 3 मध्ये चालते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वेगवान मॅक्रोंच्या जागी फंक्शने बोलवावी लागतात, आणि स्थिर मांडणीचे टाइप सोडून पायटाइप_फ्रॉमस्पेकने टाइप तयार करावे लागतात. भूमितीचे सर्व जड काम शुद्ध सीमध्ये होत असेल आणि पायथॉनशी केवळ सुरुवातीला व शेवटी बोलणे असेल, तर पहिल्या किमतीचा परिणाम जाणवणार नाही. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सी प्लस प्लस लायब्ररींशी मात्र आपले एक्स्टेन्शन जोडलेले असेल, तर ते बंधन यातून सुटत नाही. तेवढा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून तोच दर वर्षी बांधावा.

प्रश्न : पायथॉन.एच सापडत नाही असे कंपायलर म्हणतो, पण पायथॉन तर चालतो. (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : पायथॉन चालवण्यासाठी हेडर फायली लागत नाहीत, म्हणून उबुंटू व डेबियन त्या पायथॉन3-डेव या वेगळ्या पॅकेजमध्ये देतात, ते बसवा. इंटरप्रिटर आपल्या प्रोग्राममध्ये बसवायचा असेल तर लिंक करताना पायथॉन3-कॉन्फिग या आज्ञेला 3.8 पासून एम्बेड हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर लायब्ररीचे नाव येत नाही. आणि पायथॉन.एच हे हेडर इतर सर्व प्रमाण हेडरांच्या आधी लिहा.

प्रश्न : आमच्या सी प्रोग्राममध्ये पायथॉन बसवलेला आहे. वजनकाट्यांचे आकडे सीरियल पोर्टवरून वाचणारा एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारा प्रवाह) सीमध्ये आहे आणि प्रत्येक आकड्यासाठी तो पायथॉनचे फंक्शन बोलावतो. प्रोग्राम कधी कोसळतो, तर कधी जागच्या जागी गोठतो. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. कोसळण्याचे कारण असे की आपला थ्रेड पायथॉनने निर्माण केलेला नाही आणि पायथॉनला त्याची ओळखही नाही. पायथॉनच्या कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी अशा थ्रेडने पायजिलस्टेट_एन्शुअर बोलवावे आणि काम संपल्यावर पायजिलस्टेट_रिलीज बोलवावे. त्याशिवाय दोन थ्रेड एकाच वेळी रेफरन्स काउंट बदलतात आणि हिशेब बिघडतो. गोठण्याचे कारण मुख्य थ्रेडमध्ये आहे. पाय_इनिशियलाइझ बोलावल्यापासून एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन वापरू देणारे जागतिक कुलूप, ज्याला सगळे जिल म्हणतात, मुख्य थ्रेडकडे असते. तो वाचणाऱ्या थ्रेडची वाट पाहत बसला आणि वाचणारा थ्रेड जिलची वाट पाहत बसला, की दोघेही कायमचे थांबले. जिथे जिथे मुख्य थ्रेड थांबतो तिथे पाय_बिगिन_अलाव_थ्रेड्स आणि त्याची जोडी लिहून कुलूप सोडावे. आपले स्वतःचे म्यूटेक्स (थ्रेडांमधले कुलूप) असेल तर ते घेण्यासाठी थांबण्यापूर्वीही जिल सोडावे, नाहीतर हाच पेच दुसऱ्या रूपाने उभा राहील.

तरीही आम्ही रचना बदलण्याचा सल्ला देऊ. वाचणाऱ्या थ्रेडने आकडा सीमधील रांगेत ठेवावा आणि पुढच्या आकड्याकडे वळावे. मुख्य थ्रेडने रांग रिकामी करून साठलेले आकडे एकदम पायथॉनला द्यावेत. मग पायथॉनचे फंक्शन संथ झाले म्हणून पोर्टवरचे आकडे हुकत नाहीत, आणि पायथॉनच्या वस्तू एकाच थ्रेडच्या ताब्यात राहतात. प्रोग्राम बंद करताना पाय_फायनलाइझईएक्सच्या आधी वाचणारा थ्रेड थांबवून घ्या. पायथॉन आवरला गेल्यावर जो थ्रेड जिल मागेल, तो आवृत्तीनुसार तिथेच संपवला जातो किंवा कायमचा अडकून राहतो. एकदा आवरलेला पायथॉन त्याच प्रोग्राममध्ये पुन्हा सुरू करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण अनेक एक्स्टेन्शने ते सहन करत नाहीत.

जिलविना चालणारी पायथॉनची बांधणी ऑक्टोबर 2024 मध्ये 3.13 बरोबर प्रयोग म्हणून आली आणि 3.14 मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला, पण ती अजून ऐच्छिक आहे. तिथेही बाहेरच्या थ्रेडला एन्शुअर बोलावून स्वतःची नोंद करावीच लागते. ती घेतली म्हणून वरील कोड आपोआप बरोबर होणार नाही.

प्रश्न : मराठी पुस्तकांच्या जुळणीसाठी मी लुआटेक (लुआ बसवलेली टेक ही जुळणीची प्रणाली) वापरतो आणि काही कामे सीमधील लायब्ररीकडे सोपवतो. लुआ 'मुंबई' या शब्दाची लांबी 15 सांगते, आणि सीकडे दिलेला मजकूर कधीकधी मध्येच बदललेला आढळतो. (एक मुद्रक, गिरगाव)

उत्तर : लांबी बरोबर आहे. लुआच्या दृष्टीने स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ. 'मुंबई'मध्ये म, उकार, अनुस्वार, ब आणि ई असे 5 युनिकोड संकेत आहेत आणि यूटीएफ-8 या ते बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत 3 बाइट घेतो. संकेत मोजण्यासाठी लुआच्या 5.3 आवृत्तीपासूनची यूटीएफ8 लायब्ररी वापरावी, तिथे उत्तर 5 येईल. वाचकाला दिसणारी अक्षरे मात्र तीनच आहेत, आणि ती ओळखणे या दोहोंपैकी कोणाचेही काम नाही. हार्फबझसारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीकडे ते सोपवावे. ओळ तोडताना बाइटांच्या संख्येवरून कापले तर अक्षराचा तुकडा पडतो, हे मुद्रकाला वेगळे सांगायला नको.

मजकूर बदलण्याचे कारण आपल्या कोडमध्ये दिसते. लुआ_टूस्ट्रिंगने मिळालेला पॉइंटर आपण सीच्या एका रचनेत साठवला आणि लगेच लुआ_पॉप केले. ती स्ट्रिंग लुआची आहे. स्टॅकवर किंवा एखाद्या टेबलात ती आहे तोवरच पॉइंटरला अर्थ आहे. ती तिथून निघाली की पुढच्या कचरा उचलण्यात तिची जागा दुसऱ्या कशाला तरी दिली जाते, आणि ते उचलणे केव्हा होईल हे ठरलेले नसल्याने दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. लुआ_टूएलस्ट्रिंगने पॉइंटरसोबत लांबीही घ्या, तेवढे बाइट आणि शेवटचा शून्य बाइट मावेल एवढी स्वतःची जागा घेऊन त्यात कॉपी करा, आणि मगच पॉप करा. ती जागा मोकळी करणे आपल्या सी लायब्ररीचे काम राहील. कॉपी टाळायचीच असेल तर लुआएल_रेफने ती स्ट्रिंग रजिस्ट्रीत (लुआच्या आतील, सीसाठी राखलेल्या टेबलात) नोंदवावी आणि काम झाल्यावर लुआएल_अनरेफने नोंद काढावी. मधल्या काळात पॉइंटर सुरक्षित राहतो, पण त्यातील मजकूर सीमधून बदलू नये, कारण लुआ छोट्या स्ट्रिंगची एकच प्रत सर्वत्र वापरते आणि बदल केला तर तोच शब्द दस्तऐवजात जिथे जिथे आहे तिथे तो बिघडेल.